भूमिकाखेळातील रसविघ्ने : मेजावरच्या अद्भुतरम्य खेळांतील शैलीसंघर्षाचा विचार

१

कागद, पेन्सिल, काही फासे आणि मेजाभोवती बसलेल्या चार-सहा माणसांचे बोलणे एवढ्याच साधनांवर उभा राहणारा ‘रोल-प्लेइंग गेम’ हा प्रकार साहित्याभ्यासाच्या कक्षेत फार उशिरा आला. गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी १९८३ मध्ये त्याचा समाजशास्त्रीय अभ्यास केला, डॅनिएल मॅके यांनी २००१ मध्ये त्याच्याकडे प्रयोगकला म्हणून पाहिले, आणि जॉन पीटरसन यांनी २०१२ व २०२० मधील ग्रंथांतून त्याचा इतिहास सिद्ध केला. या तिन्ही अभ्यासांत एक गोष्ट वारंवार डोकावते. हा खेळ खेळणारे लोक जितक्या तन्मयतेने खेळतात, तितक्याच तन्मयतेने एकमेकांच्या खेळण्याविषयी तक्रार करतात. कोणी नियमांचा कीस काढतो, कोणी लढाई आली की जागा होतो आणि संवाद सुरू झाला की पेंगतो, कोणी स्वतःच्याच टोळीतील सोबत्याची थैली कापतो, कोणी सूत्रधाराने आखलेली वाट मुद्दाम सोडतो, तर कोणी सूत्रधारच असून दुसऱ्या वाटेवर पाऊल टाकू देत नाही.

या तक्रारींकडे सामान्यतः स्वभावदोषांची यादी म्हणून पाहिले जाते. तसे पाहणे अपुरे आहे. ज्या कृतीत संहिता आधी नसते, लेखक एक नसतो आणि प्रेक्षक वेगळा नसतो, तिथे ‘हे असे चालणार नाही’ असा प्रत्येक उद्गार म्हणजे अलिखित राहिलेल्या एखाद्या साहित्यशास्त्रीय नियमाचा उच्चार असतो. हे नियम कोणते आणि त्यांच्यातील विरोध कोठून येतो, याचा विचार येथे अभिप्रेत आहे. त्यासाठी भारतीय काव्यशास्त्रातील ‘रसविघ्न’ या संकल्पनेचा आधार घेतला आहे. मात्र हा आधार जिथे तोकडा पडतो ती जागाही तितकीच महत्त्वाची आहे.

२

शैलीसंघर्षाचे मूळ खेळाडूंच्या स्वभावात शोधण्यापूर्वी ते खेळाच्या जन्मात शोधले पाहिजे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती तीन पुस्तिकांची व एक हजार प्रतींची होती, आणि तिच्या मुखपृष्ठावर या खेळाचे वर्णन ‘युद्धखेळाचे नियम’ असेच केलेले होते. गायगॅक्स यांचा वारसा ‘चेनमेल’ या १९७१ मधील मध्ययुगीन युद्धखेळाचा. आर्नेसन यांनी मात्र डेव्हिड वेस्ली यांच्या ‘ब्राउनस्टाइन’ या प्रयोगातून वेगळीच गोष्ट उचलली होती. तिथे खेळाडूच्या वाट्याला सैन्य न येता एकच व्यक्ती येई, आणि त्या व्यक्तीला स्वतःचे हेतू असत. म्हणजे या खेळाला दोन जनक आहेत, आणि त्या दोघांच्या कुळांचे आचार भिन्न आहेत. एकात कौशल्याची परीक्षा आहे, दुसऱ्यात दुसऱ्याच्या कातडीत शिरण्याचा आनंद आहे.

नियमांनी या भिन्नतेचा निवाडा केला नाही, उलट ती वाढवली. मूळ नियमांत अनुभवाचे गुण मिळत ते राक्षस मारल्याबद्दल आणि धन मिळवल्याबद्दल. पात्राने शब्द पाळला, मित्रासाठी माघार घेतली, एखाद्या मृताचा शोक केला, यांपैकी कशालाही गुण नव्हते. ज्या कृतीला मोबदला मिळतो ती कृती म्हणजेच खेळाचा खरा विषय, असे एका खेळाडूने मानले तर त्याला दोष देता येत नाही. परंतु त्याच पुस्तिका वाचून दुसऱ्याला आपल्या पात्राचे गाव, त्याची आई आणि त्याचे वैर यांची कल्पना सुचली असेल, तर त्यालाही दोष देता येत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९७५ मधील ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत सापडते. गायगॅक्स व रॉब कुंट्झ यांच्या या पुरवणीने ‘थीफ’ म्हणजे चोर आणि ‘पॅलाडिन’ म्हणजे व्रतस्थ धर्मयोद्धा असे दोन पात्रवर्ग एकाच वेळी आणले. चोराला खिसे कापण्याचे कौशल्य टक्केवारीसह दिले, आणि धर्मयोद्ध्याचे पद त्याच्या हातून व्यवस्थाविरोधी कृत्य घडताच जाईल असा नियमही घातला. पुढे अगणित मेजांवर ‘तुझा चोर आमच्या पंक्तीत का?’ आणि ‘तुझा धर्मयोद्धा आमच्यावर पहारा का ठेवतो?’ हे भांडण झाले. त्याची दोन्ही बाजूंची वकीलपत्रे एकाच पुस्तिकेत होती. तेव्हा शैलीसंघर्ष हा बाहेरून आलेला दोष नव्हे, तो या संहितेतच लिहिलेला आहे.

३

संघर्ष दिसू लागल्यावर वर्गीकरण येते. ग्लेन ब्लॅकाऊ यांनी १९८० मध्ये ‘डिफरंट वर्ल्ड्स’ या नियतकालिकातील लेखात चार प्रवृत्ती सांगितल्या : भूमिका जगणे, कथा सांगणे, सामर्थ्य मिळवणे आणि युद्धकौशल्य दाखवणे. १९९७ च्या सुमारास खेळाडूंच्या आपापसांतील चर्चेतून नाट्यवादी, क्रीडावादी व प्रतिरूपवादी असे त्रिविध प्रारूप पुढे आले. काही वर्षांनी रॉन एडवर्ड्स यांनी त्यात फेरबदल करून ‘गेमिझम, नॅरेटिव्हिझम, सिम्युलेशनिझम’ हे त्रिकूट मांडले. २००२ मध्ये रॉबिन लॉज यांनी सूत्रधारांसाठी लिहिलेल्या पुस्तकात खेळाडूंचे प्रकार सात झाले. त्यांत तंत्रज्ञ, पात्रात मुरणारा नट, कथाप्रेमी येथपासून केवळ मित्रांच्या सोबतीसाठी येऊन बसणाऱ्यापर्यंत सर्वांची सोय होती.

या परंपरेचे मोल नाकारता येणार नाही. ‘तू चुकीचे खेळतोस’ या वाक्याच्या जागी ‘तू वेगळे खेळतोस’ हे वाक्य तिने आणले. परंतु तिच्या दोन मर्यादा लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, ती प्रवृत्तींचे वर्णन करता करता माणसांची जातवारी करू लागते. प्रत्यक्षात एकच खेळाडू सायंकाळी सात वाजता डावपेचात रंगलेला असतो आणि नऊ वाजता आपल्या पात्राच्या भावाचे प्रेत पाहून गप्प होतो. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. एडवर्ड्स यांच्या मांडणीचा रोख असा होता की, एका वेळी एकच हेतू प्रधान असावा आणि नियमांची रचनाही त्या हेतूशी सुसंगत असावी. हा आग्रह एकरस कलाकृतीचा आहे. त्याने अनेक सुबक, आटोपशीर खेळ घडवले हे खरे, पण ज्या खेळाने हा प्रकार जन्माला घातला तो मात्र विसंगतीसकट टिकून राहिला, त्याची पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि तिचे सुधारित रूप २०२४ मध्ये. विसंगतीसह इतका काळ टिकलेल्या कृतीचे स्पष्टीकरण सुसंगतीचा सिद्धान्त देऊ शकत नाही.

रोजर काय्वा यांनी १९५८ मध्ये खेळांचे स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवंड असे चार मूलभाव सांगितले होते. बुद्धिबळात स्पर्धा असते, सोडतीत दैव, नाटकात अनुकरण. भूमिकाखेळात पहिली तिन्ही एकाच मेजावर, एकाच वाक्यात येतात. ‘मी दरीवरून उडी मारतो’ असे खेळाडू म्हणतो तेव्हा ती पात्राची उक्ती असते, फाशावर लावलेली पैजही असते, आणि अंतर मोजून केलेला हिशेबही असतो. ऐकणाऱ्या तिघांनी त्यातील तीन वेगळ्या गोष्टी ऐकल्या तर नवल नाही.

४

अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. ती प्रेक्षागृहातील सहृदयाला उद्देशून आहेत. तरीही मेजावरच्या तक्रारी त्यांच्यासमोर ठेवल्या असता त्या विस्कळीत यादीला एक रचना लाभते.

पहिले विघ्न संभावनाविरहाचे, म्हणजे जे घडते आहे ते घडू शकते असे न वाटण्याचे. गंभीर मोहिमेत एखाद्याने आपल्या योद्ध्याला विनोदी जाहिरातीतले नाव दिले की बाकीच्यांचा विरस होतो, तो या जातीचा. उपाशी सैनिक दहा दिवस चालतो आणि थकत नाही, ही प्रतिरूपवाद्याची तक्रारही याच घरातली. तिसरे विघ्न निजसुखादिविवशीभावाचे. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात गुंतलेला असेल तर रस कोठून येणार? उशिरा येणारा, आपली पाळी येईपर्यंत मोबाइल पाहणारा, दिवसभराचा शीण घेऊन बसलेला खेळाडू येथे ओळखू येतो. या विघ्नावर अभिनवगुप्त गीत, वाद्य आणि मंडपाची शोभा हे उपाय सांगतो, तर आजचे सूत्रधार दिवे मंद करतात आणि पार्श्वसंगीत लावतात. चौथे आणि पाचवे विघ्न प्रतीतीच्या साधनांच्या उणिवेचे व अस्फुटतेचे. सूत्रधाराने ‘मोठी खोली’ एवढेच म्हटले, एकाने ती देवळाएवढी कल्पिली, दुसऱ्याने ओसरीएवढी, आणि अग्निगोलाचा स्फोट झाल्यावर कोण भाजले यावरून वाद पेटला. अशा वादाला नियमांचा वाद मानले जाते, पण वस्तुतः तो वर्णनाचा वाद असतो.

सातवे विघ्न संशययोगाचे. अभिनवगुप्ताच्या मांडणीत संशय हा अनुभाव कोणत्या भावाचा द्योतक आहे याविषयी असतो. अश्रू शोकाचे की आनंदाचे, हे संदर्भावाचून कळत नाही. मेजावर हाच संशय वाक्याच्या मालकीविषयी असतो. ‘हा मूर्ख आपल्याला मारवणार’ हे वाक्य पात्र पात्राला म्हणते आहे की खेळाडू खेळाडूला? फाइन यांनी गॉफमन यांच्या ‘चौकट’ या संकल्पनेच्या आधारे दाखवले की खेळाडू सतत तीन पातळ्यांवर वावरत असतो : नेहमीच्या जगातील माणूस, नियम जाणणारा खेळाडू आणि काही न जाणणारे पात्र. ‘मेटागेमिंग’ या नावाने ओळखली जाणारी तक्रार नेमकी या पातळ्यांच्या सरमिसळीची आहे. ट्रोल नावाच्या राक्षसाच्या जखमा आगीने जाळल्या तर भरत नाहीत, हे खेळाडूला पुस्तकातून ठाऊक असते, पण खेड्यातून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या त्याच्या पात्राला ते ठाऊक असावे काय? डावपेच मानणाऱ्याला ज्ञान लपवणे हे ढोंग वाटते, भूमिका मानणाऱ्याला ज्ञान वापरणे ही लबाडी वाटते. दोघेही प्रामाणिकपणाच्याच नावाने बोलतात, हे या वादाचे वैशिष्ट्य.

आणि सहावे विघ्न अप्रधानतेचे. गौण वस्तूवर चित्त विसावत नाही, प्रधान काय ते ठरलेले असावे लागते. शैलीसंघर्षाचे मर्म या विघ्नात आहे. मेजावरील प्रत्येकाच्या दृष्टीने काहीतरी प्रधान असते, परंतु सर्वांच्या दृष्टीने प्रधान असे काही ठरलेले नसते. एकाचा अंगी रस दुसऱ्याच्या दृष्टीने नुसता खोळंबा असतो.

५

दुसरे विघ्न मुद्दाम मागे ठेवले आहे. नाट्यातील सुखदुःख ‘माझे’ किंवा ‘अमुक एका परक्याचे’ म्हणून अनुभवले की रसप्रतीती ढळते, असे ते विघ्न आहे. साधारणीकरण व्हायचे तर ‘स्व’ आणि ‘पर’ या दोन्ही मर्यादा गळाव्या लागतात. येथे रसविघ्नांचा आधार अडखळतो. अभिनवगुप्ताच्या मते नट रसाचा आस्वादक नसतो, तो आस्वादाचा उपाय असतो, म्हणूनच त्याला ‘पात्र’ म्हणतात. भांड्याला पेयाची चव कळत नाही. भूमिकाखेळात मात्र पात्र आणि पिणारा एकच आहे. जो अभिनय करतो तोच आस्वाद घेतो, आणि जो आस्वाद घेतो त्यानेच ते पात्र घडवलेले असते. ‘स्वगतत्व’ हे विघ्न प्रेक्षागृहात आगंतुक असते, मेजावर ते घरचेच असते. सहा महिने जपलेले पात्र एका वाईट फाशाने मेले तेव्हा खेळाडूला होणारे दुःख शुद्ध करुण नव्हे, त्यात स्वतःचे काही हरवल्याची भावना मिसळलेली असते.

यातूनच या खेळातील सर्वांत कुप्रसिद्ध समर्थन निघते : ‘माझे पात्र असेच वागले असते.’ एक नमुना-प्रसंग कल्पावा. टोळीने एक गॉब्लिन जिवंत पकडला आहे. तंत्रज्ञाला त्याच्याकडून गुहेचा नकाशा हवा आहे. धर्मयोद्धा खेळणारी खेळाडू शरण आलेल्याला न मारण्याच्या व्रतात खरोखर गुंतली आहे, आणि आजच्या बैठकीतील तिचा हाच प्रसंग आहे. कथाप्रेमीला हा कैदी पुढे परत भेटेल असे वाटते. तेवढ्यात चौथा म्हणतो, ‘मी त्याचा गळा चिरतो. माझा मारेकरी असल्या चर्चा ऐकून घेणारा नाही.’ नियमाने ही कृती वैध आहे, पात्राशी ती सुसंगत आहे, संभावनाविरहही नाही. तरीही मेजावर पसरणारी शांतता सर्वांना कळते.

या क्षणी काय बिघडले हे कोणतेही प्रवृत्तिवर्गीकरण सांगू शकत नाही, कारण चौथा खेळाडू भूमिकेशी प्रामाणिक असल्याचाच दावा करतो आहे. साहित्यविचाराला मात्र हा दावा परिचित आहे. पात्र लेखकाच्या हातून निसटले, ते स्वतःच्या तर्काने चालू लागले, असे कादंबरीकार सांगतात आणि वाचक ते कौतुकाने ऐकतात. परंतु कादंबरीकाराचे पात्र दुसऱ्या लेखकाचे पान फाडत नाही. भूमिकाखेळात फाडते. मारेकऱ्याच्या त्या एका वाक्याने तीन सहलेखकांची न लिहिली गेलेली प्रकरणे संपली. पात्राची स्वायत्तता येथे सौंदर्यतत्त्व राहत नाही, ती लेखकाने जबाबदारी टाळण्यासाठी घेतलेली आड होते. मारेकरी असा का आहे, या प्रश्नाचे एकच खरे उत्तर आहे : खेळाडूने तो तसा केला म्हणून. आणि ‘तो तसाच का वागला?’ या प्रश्नाला शेकडो उत्तरे होती. मारेकरी कंटाळून बाहेर जाऊ शकला असता, धर्मयोद्ध्याशी हुज्जत घालू शकला असता, कैद्याला पाहून त्याला स्वतःचे बालपण आठवू शकले असते. सुसंगतीची मागणी अनेक कृतींनी पुरी होते. त्यांतील दुसऱ्याचे दार बंद करणारीच कृती निवडणे हा निर्णय खेळाडूचा असतो, पात्राचा नसतो.

योहान हायझिंगा यांनी १९३८ मध्ये लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा यांत भेद केला होता. लबाड माणूस निदान खेळ मानल्याचे सोंग करतो, म्हणून समूह त्याला अधिक सहजपणे क्षमा करतो. खेळ मोडणारा त्या जगाचे कवचच फोडतो. वरील मारेकरी नियम पाळून, सोंग न सोडता कवच फोडतो. हायझिंगा यांच्या वर्गीकरणात त्याला जागा नाही, आणि तो या खेळप्रकाराचाच खास दोषी आहे.

६

दोष खेळाडूंच्याच पदरी बांधणे अन्यायाचे होईल. सूत्रधाराविषयीच्या तक्रारी तितक्याच जुन्या आहेत. गायगॅक्स यांचे ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस १९७५ मध्ये एका स्पर्धेसाठी वापरले गेले आणि १९७८ मध्ये छापले गेले. तिथे पात्रे मरण्यासाठीच होती, कसोटी खेळाडूच्या बुद्धीची होती. याच्या उलट टोकाला १९८४ पासून ट्रेसी हिकमन यांच्या पुढाकाराने आलेली ‘ड्रॅगनलान्स’ मालिका. तिच्यात कथा कादंबरीसारखी पुढे सरकायची असल्याने महत्त्वाच्या पात्रांचे मरण संदिग्ध ठेवून त्यांना परत आणण्याची सोय केली होती. पहिल्यात सूत्रधार निष्ठुर वाटतो, दुसऱ्यात तो रुळांवरून गाडी हाकणारा वाटतो, आणि ‘रेलरोडिंग’ हा शब्द खेळाडूंच्या बोलीत शिवीसारखा रूढ झाला. पडद्याआड टाकलेला फासा गुपचूप बदलावा की नाही, हा वाद याच दोन टोकांमधला आहे. गायगॅक्स यांनी १९७९ च्या सूत्रधारग्रंथात चांगल्या खेळणाऱ्याला दैवाच्या विचित्र फटक्यातून वाचवण्याची मुभा दिली. ती मुभा एकाला दया वाटते, तर दुसऱ्याला आपल्या जिंकण्याची किंमत काढून घेतल्यासारखी वाटते.

येथे कोकणातील दशावताराची तुलना उपयुक्त ठरते. त्यातील आख्यानाला लिखित संहिता नसते. कथेचा आराखडा सर्व नटांना ठाऊक असतो, संवाद रंगमंचावर सुचत जातात. तिथेही एखादा नट लांबण लावतो, दुसऱ्याचे वाक्य तोडतो, टाळीसाठी प्रसंग ताणतो. परंतु दशावतारी नटांना पुराणकथेचा शेवट बांधून देतो. कोणी कितीही रंगला तरी कीचक मरणारच. पहाटेपर्यंत जागलेला प्रेक्षकही समोर असतो, आणि त्याची चुळबूळ हा निवाडा असतो. भूमिकाखेळाला ना पुराणकथेचे कुंपण आहे, ना प्रेक्षकाचा अंकुश. दशावतारात या दोघांनी वाहिलेला भार मेजावर केवळ सहकाऱ्यांच्या परस्पर सौजन्यावर येतो. तक्रारी इतक्या तीव्र होतात त्याचे कारण या भारात आहे.

हे ओळखूनच अलीकडच्या काळात सौजन्याचे संकेत उच्चारून ठरवण्याची रीत आली. कोणता विषय मुळीच नको आणि कोणता सूचकतेने यावा हे आधी सांगण्याची ‘रेषा व पडदे’ ही कल्पना एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये मांडली. मोहिमेपूर्वीच्या ‘शून्याव्या बैठकी’ला २०२० मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या अधिकृत पुस्तकातही स्थान मिळाले. या रीतीवर जुन्या खेळाडूंचा आक्षेप आहे की ती खेळाला कराराचे रूप देते. आक्षेप निराधार नाही, मात्र करार आधीही होताच. तो न बोललेला होता, आणि न बोललेल्या कराराचा भंग नेहमी भिडस्त माणसाला महाग पडतो.

७

शैलीसंघर्ष मिटवण्याचा एक मार्ग म्हणजे समानशीलांनी वेगळे मेज मांडणे. तो सोपा आहे आणि कित्येकदा शहाणपणाचाही आहे. पण त्यात काय गमावले जाते याचा हिशेब राहून जातो. गॉब्लिनच्या प्रसंगात चौघेही धर्मयोद्धे असते तर व्रताला कसोटीच लागली नसती, चौघेही तंत्रज्ञ असते तर तो कैदी केवळ नकाशा राहिला असता. तंत्रज्ञाला नकाशा हवा होता म्हणून व्रताला किंमत आली, आणि व्रत मध्ये उभे होते म्हणून नकाशा मिळवणे हा डावपेच झाला. मारेकऱ्यालाही त्या प्रसंगात जागा होती, सुरी काढून ती गळ्याशी धरण्यापर्यंत. तिथे थांबून त्याने ‘तुम्ही मला अडवणार आहात का?’ एवढे विचारले असते, तर तीच कृती सर्वांचा प्रसंग झाली असती.

अप्रधानता हे म्हणूनच या खेळाचे विघ्नही आहे आणि त्याच्या शक्यतेची अटही आहे. प्रेक्षागृहात प्रधान रस कवीने ठरवलेला असतो, मेजावर तो दर घटकेला हातबदल करतो. प्रधानत्व आपल्या हाती आले असता ते पुढे देणे, आणि दुसऱ्याच्या हाती असता त्याला पुरेसा वेळ देणे, हे या खेळातील सहृदयत्व होय. सहृदय म्हणजे रसिक प्रेक्षक, हा काव्यशास्त्रातला अर्थ येथे थोडा विस्तारावा लागतो. दुसऱ्याच्या अपुऱ्या वाक्यात आपले वाक्य असे घालणे की त्याचे वाक्य पुरे होईल, ही क्षमता त्या अर्थात सामावली पाहिजे. तिच्या अभावाला खेळाडूंच्या बोलीत अनेक नावे आहेत, पण त्या सर्व तक्रारींमागची मागणी एकच आहे : आपल्यासोबत लिहिणाऱ्याने आपल्यालाही वाचावे.